मंगळवारच्या बाईचं नाव

आमच्या घरात सिंधू नावाच्या दोन बायका नांदत होत्या. एक जिवंत होती आणि एक गेलेली. हाक दोघींना मिळून एकच होती आणि ओ जिवंत असलेलीने द्यायची, असा आमच्याकडचा नियम होता.

गेलेली सिंधू म्हणजे माझी आई. मी जेमतेम चालायला लागले होते तेव्हा ती तापाने गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, आवाज तर मुळीच नाही. घरात तिचा एकच फोटो आहे, लग्नातला. त्यातही मान खाली आणि मुंडावळ्या तोंडावर. नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. लोक म्हणतात माझं नाक तिच्यावर गेलंय, मी मान्य करून टाकते.

जिवंत सिंधू म्हणजे माझी सावत्र आई. मी तिला माई म्हणते. माझे वडील, रंगनाथ त्यांचं नाव, दुसऱ्या लग्नाला तयार झाले ते माझ्यासाठीच, असं ते सांगतात. माई सटाण्याकडची. आईबापांना पुष्कळ नवसांनी झालेली, म्हणून तिचं नाव नवसाबाई. पण हे नाव आमच्या उंबऱ्यापर्यंतच आलं. लग्नात परातीत तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, तेव्हा माझी आत्या लंकाबाई वडिलांच्या मागे उभी राहिली आणि तिने त्यांच्याकडून 'सिंधू' असंच लिहून घेतलं. शिवाय माईच्या गळ्यात चांदीचा छोटा टाक घातला, त्याच्यावर बाईची आकृती. आमच्याकडे त्याला सवतच म्हणतात. सणाला आधी त्या टाकाला हळदकुंकू, मग माईला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. जेवताना पहिला घास टाकापुढे.

याचं कारण मी लहानपणीच आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, गेलेल्या बाईला आपण गेलो हे कळू द्यायचं नसतं. तिच्याच नावाने हाका ऐकू आल्या, तिच्याच नावाची बाई चुलीपुढे बसली, की तिला वाटतं आपणच नांदतोय, आणि ती शांत राहते. दुसरं नाव कानावर पडलं की तिला कळतं. मग ती कुणाला तरी सोबत घेतल्याशिवाय जात नाही. हे आत्याने मला भेंडी निवडता निवडता सांगितलं. मी त्यानंतर कित्येक दिवस परसात एकटी गेले नाही.

म्हणून आमच्या घरात, गोठ्यात, विहिरीवर, कुठेच 'नवसा' हा शब्द कुणी उच्चारत नसे. माईला माहेरही उरलं नव्हतं. आईबाप गेलेले, भाऊ सुरतेला मिलमध्ये, तो काही येईना. म्हणजे अख्ख्या जगात त्या नावाने तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. मला ते नाव कळलं तेसुद्धा मळ्याच्या पार टोकाच्या बांधावर. शेवंती खुडताना ती माझ्या कानाशी वाकली आणि तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "मनं नाव नवसा शे." म्हणाली आणि लगेच घराकडे बघितलं.

आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा लक्षात आली. कुणी "सिंधू" अशी हाक मारली की माई लगेच ओ देत नसे. श्वासभर थांबायची. आधी दुसऱ्या कुणाला तरी ओ द्यायची संधी द्यावी, तशी. मग म्हणायची, "ओ, आले."

आमचा मळा इंदिरानगरच्या कडेला. नव्वदच्या दशकात बंगले आणि कॉलन्या आमच्या बांधापर्यंत येऊन ठेपल्या होत्या, पण आम्ही अजून फुलंच लावत होतो. गुलाब, निशिगंध, शेवंती. वडील पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन द्वारका चौकात जायचे, तिथून माल पुढे जायचा. घरोघरी पूजेच्या फुलांचा रतीब माझ्याकडे आणि माईकडे. संध्याकाळी टीव्हीपुढे बसून गजरे आणि हार ओवायचे. काळापांढरा टीव्ही, वडिलांनी कुणाकडून तरी जुना घेतलेला. चित्र हललं की मी त्याच्या डोक्यात एक चापट मारायचे आणि ते ताळ्यावर यायचं.

त्या वर्षी मंगळवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. तिचं खरं नाव लोक विसरले होते, सगळे तिला मंगळवारची बाई म्हणत. एका घाटावर ओल्या लुगड्यात एक बाई सापडते. तिला स्वतःचं नाव, गाव, काही आठवत नाही. तिला एका आश्रमात ठेवतात. दर मंगळवारी कुणीतरी येतं आणि म्हणतं, ही आमची. कुणी म्हणतं ही माझी बायको मालती, कुणी म्हणतं ही आमची लेक शांता. ती निमूट त्यांच्याबरोबर जाते, त्या घरचा स्वयंपाक करते, त्या नावाला ओ देते. आणि भागाच्या शेवटी काहीतरी बारीकसं निघतं, उजव्या हाताची असायला हवी ती डावरी असते, दुधाची साय आवडायला हवी तर ती ओकते, आणि ते लोक तिला परत आणून सोडतात. प्रत्येक वेळी आश्रमाच्या फाटकात ती मागे वळून बघायची तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा, कारण तिच्या चेहऱ्यावर दुःख नसायचं. काहीच नसायचं.

एवढीच गोष्ट. तरी सगळ्या कॉलनीतल्या बायका त्या वेळेला कुकर बंद करून बसायच्या. पुरुषांना काही कळेना. माझे वडील म्हणायचे, अरे हिचं रेशन कार्ड कुठं नोंदवलंय ते बघा की, दोन भागात उरकेल.  माईच्या हातातली सुई फुलात तशीच राहायची. गजरा अर्धा, फुलं मांडीवर, डोळे पडद्यावर. मी एकदा विचारलं, तुला एवढं काय आवडतं यात? तिने सुईत एक फूल ओवलं. मग म्हणाली, "तिला कुनीतरी शेवटाला खऱ्या नावानं हाक मारंल ना गं?"

तेव्हा मला कळलं, तिला काय हवंय. तिला मालिका नको होती. तिला ती एक हाक हवी होती, दुसरीला मारलेली का होईना.

शेवटचा भाग आला. त्या दिवशी माईने सकाळपासून कामं उरकली, संध्याकाळी वेणी घातली, आणि पाहुणा यायचा असावा तशी ओट्यावरची धूळसुद्धा पुसली. भाग सुरू झाला. घाटावर एक म्हातारा येतो. पाण्यात पाय बुडवून ती बाई पाठमोरी बसलेली. म्हातारा पायऱ्या उतरायला लागतो, त्याला तिचं नाव माहीत आहे हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. तो शेवटच्या पायरीवर थांबतो. तोंड उघडतो.

आणि लाईट गेली.

मळ्याची लाईन वेगळी आणि कॉलनीची वेगळी. बांधापलीकडे सगळ्या खिडक्या झगमगत होत्या. माई अंधारात उठून दारात गेली. त्या खिडक्यांकडे बघत उभी राहिली. लाईट आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

सकाळी रतीब घालायला ती माझ्याबरोबर निघाली, एरवी आम्ही घरं वाटून घ्यायचो. पहिल्या बंगल्यातल्या वहिनी, दारावर पाटी अनुराधा म्हणून, त्यांनी पुडी घेतली. माईने विचारलं, काल काय निघालं हो नाव? वहिनी म्हणाल्या, विमल. अगदी स्पष्ट म्हणाला म्हातारा. त्यांचे डोळे रडून सुजले होते. माई वाटेत ते नाव स्वतःशी म्हणत राहिली, विमल, विमल. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

पुढच्या गल्लीत शाळेतल्या बाई राहायच्या, स्मिताबाई. त्या म्हणाल्या, विमल कुठलं, चंद्रभागा. मी स्वतः ऐकलंय. मी म्हटलं, बाई, अनुराधावहिनी तर विमल म्हणतात. बाई चिडल्या. मला म्हणाल्या, कान तपासून घे म्हणावं तिला. शिंप्याची बायको म्हणाली, पारू. तिच्या शेजारची म्हणाली, सुलोचना, आणि शपथ घ्यायला लागली.

मला आधी हसू यायला लागलं. एकाच पडद्यावर एकाच म्हाताऱ्याने एकच हाक मारली, आणि गल्लीत तिची चार नावं झाली. माझ्या वर्गातल्या तेजस्विनीला विचारलं. ती म्हणाली, नाव सांगितलंच कुठे? म्हाताऱ्याचे नुसते ओठ हलले, पाण्याचा आवाज आला, ती वळली आणि संपलं. तिच्या वडिलांनीही तेच सांगितलं. फसवलं साल्यांनी, म्हणाले. मग मी ठरवून विचारत सुटले. ज्या ज्या मुलीला विचारलं, ज्या ज्या पुरुषाला विचारलं, त्याने पाण्याचाच आवाज ऐकला होता. लग्न झालेल्या बायकांनी मात्र नाव ऐकलं होतं, आणि प्रत्येकीने वेगळं.

उलगडा झाला तो अनुराधावहिनींचा भाऊ निफाडहून आला तेव्हा. मी पुडी द्यायला दारात उभी होते. भाऊ आतून ओरडला, "विमल, चहा टाक गं." वहिनी माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. त्यांच्या हातातून पुडी खाली पडली. फुलं मी गोळा केली, त्यांना वाकताच येईना.

त्या दिवशी मी शाळेत न जाता घरोघरी गेले आणि एकेकीला माहेरचं नाव विचारलं. शिंप्याची बायको माहेरची पारू. शेजारीण सुलोचना. स्मिताबाईंना मी 'माहेरचं नाव चंद्रभागा का?' असं विचारलं, तर त्यांनी मला दारातूनच घालवलं, पण दार लावता लावता हळूच विचारलं, तुला कुणी सांगितलं चंद्रभागा? इतक्या वर्षांत त्यांनी ते जुन्या वळणाचं नाव नवऱ्यालाही कुणापुढे घेऊ दिलं नव्हतं. अंगणात ऊन होतं, भाजीवाला ओरडत होता, सगळं नेहमीसारखं होतं, आणि मला मात्र त्या कॉलनीतून पळून जावंसं वाटत होतं. दर दारामागे एक बाई उभी होती आणि तिच्यामागे आणखी एक.

अमावस्येला आत्या आली. ती द्वारकेजवळ मुलाकडे राहायची, पण टाकाची पूजा नीट होते की नाही ते बघायला न चुकता यायची. जेवताना मी मुद्दाम विषय काढला. आत्या म्हणाली, असली थेरं मी बघत नाय. मी म्हटलं, बघितली नसशील, पण नाव तर कानावर पडलं असेल? आत्या भात कालवत म्हणाली, काय तरी बनू का काय होतं. वडिलांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, आक्का, बनू तर तूच ना? लंकाबाई हे सासरचं.

आत्या ताटावरून उठली. हात धुतला, पिशवी घेतली आणि भर दुपारी रिक्षा करून निघून गेली. ती त्यानंतर महिनाभर आली नाही.

माईने हे सगळं ऐकलं होतं. भांडी घासताना ती मला म्हणाली, "लाईट ऱ्हाली असती तर मलाबी ऐकू आलं असतं." रडली नाही. राखेचा हात तसाच परातीवर फिरवत राहिली. मला वडिलांचा, आत्याचा, विजेच्या खात्याचा, सगळ्यांचा राग आला. पण मनातून मला माहीत होतं की ते नाव मी एका क्षणात देऊ शकत होते. नवसा. तीन अक्षरं. ती मी आजवर का उच्चारली नाहीत, तर घरात माझी आई होती. खरी, गेलेली. आत्याचं खरं असेल तर इतकी वर्षं ती इथेच होती, मला भाकरी वाढत होती, माझी वेणी घालत होती, असं तिला वाटत होतं. माईला तिचं नाव द्यायचं म्हणजे माझ्या आईला जाऊन सांगायचं, की तू मेलीस. आईला असं कोण सांगतं? आणि ती कुणाला तरी घेऊन गेली तर?

माई बदलत गेली. हाकेनंतरचा तो थांबा लांबत चालला. वडील एकदा हाक मारायचे, दोनदा मारायचे, मग चिडायचे. ती समोरच बसलेली असायची, ऐकत असायची, पण कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. फुलं मोजताना मध्येच थांबायची. मंगळवारी संध्याकाळी बंद टीव्हीपुढे जाऊन बसायला लागली, मांडीवर निशिगंध, हातात सुई. मी म्हटलं, माई, संपली ती मालिका. ती म्हणाली, माहीत हाय. काळ्या काचेत तिचा चेहरा दिसायचा, आणि त्याच्यावर काही नसायचं. आश्रमाच्या फाटकातल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर जे नव्हतं, तेच. त्या क्षणी मी घाबरले. मला एक आई आठवतही नव्हती, आणि दुसरी माझ्या डोळ्यांपुढे पुसली जात होती.

मंगळवारच होता. वडील विहिरीकडे मोटर बंद करायला गेले होते, दिवे लागायची वेळ. माई अर्धा गजरा घेऊन त्या टीव्हीपुढे बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि तिच्या गळ्यातला टाक हातात घेतला. चांदी तिच्या अंगाने कोमट झाली होती. त्या आकृतीचे डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके, तरी मी त्यांच्याकडेच बघून बोलले.

"आई," मी म्हटलं, "तू तापानं गेलीस. मी लहान होते. आम्ही तुला सांगितलं नाही. ही दुसरी आहे. हिनं मला वाढवलं. हिचं नाव हिला देऊन टाक."

माईने माझा हात घट्ट धरला. ती मला गप्प करत होती की सोडू नको म्हणत होती, मला आजही सांगता येणार नाही. मी टाक सोडला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हाक मारली.

"नवसाबाई."

"ओ," ती म्हणाली. थांबली नाही. हाक पुरती संपायच्या आधीच म्हणाली, आणि एवढ्या मोठ्याने, लांब शेताच्या टोकाला कुणीतरी बोलावत असावं तशी. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी पुन्हा म्हटलं, नवसाबाई. ती पुन्हा म्हणाली, ओ. आम्ही वेड्यासारख्या किती तरी वेळ तेच करत राहिलो. ती हसत होती आणि माझी पाठ भिजत होती.

बाहेर वडिलांची चप्पल वाजली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. अंगणातूनच त्यांनी रोजची हाक मारली.

"सिंधू, पाणी आण गं."

माई सवयीने थांबली. मीही थांबले. तिचं तोंड माझ्या खांद्याशी होतं, ओठ मिटलेले, मला ते स्पष्ट जाणवत होते.

आणि चुलीकडून आवाज आला, "ओ, आले."

बारीक आवाज होता. तरुण. किंचित घोगरा, ताप नुकताच उतरल्यासारखा. रागावलेला नव्हता. माईचे डोळे माझ्या डोळ्यांत रुतले होते आणि आम्हा दोघींपैकी कुणीही चुलीकडे बघितलं नाही.

वडील दारात आले. ओसरीच्या कठड्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. तो त्यांनी उचलला, घटाघटा प्यायले, तोंड पुसलं आणि बरं वाटल्यासारखे म्हणाले, आज बरी लगेच ओ दिलीस.

 माईने गळ्यातला टाक काढला, देव्हाऱ्यात ठेवला, आणि त्यापुढे मघाचा अर्धा गजरा वाहिला. तेव्हापासून घरात तिला सगळे नवसाबाईच म्हणतात, वडीलसुद्धा, आधी अडखळत आणि मग सरावाने. आत्याने खूप आकांडतांडव केलं. कुणाला काही झालं नाही. कुणी गेलं नाही.

सिंधू अशी हाक आमच्या घरात आता कुणी मारत नाही. पुढे माझं लग्न झालं, तांदळात नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी अंगठी नवऱ्याच्या हातातून घेतली आणि माझं जन्माचं नाव, भाग्यश्रीच लिहिलं. माहेरी गेले की संध्याकाळी कधी कधी मी चुलीशी एकटी बसते. हाक मारायचं धाडस होत नाही. पण माझ्या आईचा आवाज मला आठवत नाही, असं मी आता कुणाला सांगत नाही.